व्हिटॅमिन डीच्या ९२ पुड्या आणि बंद केलेली एक गोळी

पार्श्वभूमी

काका माझ्या दवाखान्यात अकरा वर्षांपासून येतात. वय ६२, सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्वतःचं घर. घरात काकू आणि ते दोघंच. मुलगी पुण्यात नोकरीला. हे प्रकरण दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत.

तिशीपासून पंचावन्नाव्या वर्षापर्यंत रोज सहा-सात सिगारेटी ओढायची सवय होती. नातवाच्या बारशाच्या दिवशी सोडल्या, त्या पुन्हा हातात धरल्या नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये पहाटे छातीत दुखून घाम फुटला. आधी साताऱ्याला आणि तिथून पुण्याला नेलं. हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीत गुठळी होती, स्टेंट बसवला. इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत पंपिंगची ताकद ४८ टक्के आली, म्हणजे थोडी कमी, पण रोजच्या हालचालींना पुरेल एवढी.

घरी आले तेव्हा सोबत औषधांची पिशवी होती. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या (त्यातली एक वर्षानंतर बंद झाली), अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी), ठोके संथ ठेवणारं मेटोप्रोलॉल आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी. वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल १४२ होतं, ते दोन महिन्यांत ५८ वर आलं. काका शिस्तीचे. रोज सकाळी नदीच्या घाटापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. पहिलं वर्ष माझ्या मनासारखं गेलं.

अडचण कुठून सुरू झाली

मार्च २०२३ मध्ये ते म्हणाले, "मॅडम, पिंढऱ्या भरून येतात." स्टॅटिन घेणाऱ्या माणसाने पाय दुखतात म्हटलं की डॉक्टरच्या डोक्यात पहिला संशय गोळीचा येतो. माझ्याही आला. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके तपासलं, ते व्यवस्थित होतं. "काळजी करू नका, गोळी चालू ठेवा, बघू," असं सांगून मी त्यांना पाठवलं. त्या दिवशी त्यांचे पाय मी बघितले नाहीत. मोजे काढायला सांगितलं नाही, पावलावरच्या नाडीला हात लावला नाही. पाय चालताना दुखतात की बसल्यावर, एवढंही विचारलं नाही. पुढे जे घडलं त्याची सुरुवात माझ्या टेबलावर झाली, म्हणून हे आधीच सांगते.

मे महिन्यात मुलीने वडिलांसाठी घरी येऊन रक्त नेणारं चेकअपचं पॅकेज घेतलं. पन्नासेक आकड्यांच्या त्या रिपोर्टात एक ठळक छापलेला होता: व्हिटॅमिन डी ९.८ नॅनोग्रॅम. त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरत होता. व्हिटॅमिन डी कमी असलेल्यांना हार्ट अटॅक जास्त येतो आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू झिजतात, असं त्यात होतं. काकांना दोन्ही वाक्यं आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली. पाय दुखतात, अटॅक येऊन गेला आहे आणि व्हिटॅमिन डी तर तळाला! इतके दिवस डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेलं कारण सापडलं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ६ लाख युनिटचं एक इंजेक्शन, आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी अशा आठ पुड्या आणि दिवसाला कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिल्या. एवढ्या कमी पातळीला आठ आठवडे पुड्या देतातच. त्यासोबत इंजेक्शन मी दिलं नसतं, पण आपल्याकडे ते सर्रास देतात.

जून लागला, पाऊस सुरू झाला आणि घाटावरचं फिरणं बंद पडलं. महिन्याभरात पाय दुखायचे थांबले. काकांनी श्रेय पुड्यांना दिलं. चालणंच थांबलं म्हणून दुखणं थांबलं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही, आणि मला तर हे काही ठाऊकच नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यांनी स्टॅटिन बंद केली, कुणाला न सांगता.

सप्टेंबरमध्ये व्हिटॅमिन डी पुन्हा तपासलं तर ३४ निघालं. रिपोर्टावर योग्य मर्यादा ३० ते १०० अशी छापलेली होती. इथे काकांनी मला नंतर सांगितलेलं एक वाक्य जसंच्या तसं देते: "मॅडम, शंभरपैकी चौतीस म्हणजे काठावर पास. हृदयासाठी मला ऐंशीच्या पुढे न्यायचं होतं." आयुष्यभर मार्कांकडे आणि टक्क्यांकडे बघत आलेल्या माणसाने रिपोर्टही तसाच वाचला. ती मर्यादा म्हणजे गुणपत्रिका नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग दुसऱ्या एका दवाखान्यातून आणखी एक ६ लाखांचं इंजेक्शन घेतलं. पुड्या आठवड्याला एक अशा पुन्हा सुरू झाल्या. जानेवारी २०२४ पासून एक दिवसाआड एक, दुधात घालून. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नसे. कॅल्शियमच्या दोन गोळ्याही चालूच होत्या.

या काळात ते माझ्याकडे दर तीन महिन्यांनी बीपी दाखवायला येत होते. मी विचारायचे, "काका, गोळ्या सगळ्या चालू आहेत ना?" ते म्हणायचे, "हो, तुमच्या सगळ्या चालू आहेत." स्टॅटिन पुण्याच्या डॉक्टरांनी लिहिलेली, म्हणून ती 'तुमच्या'त येत नव्हती. पुड्या तर ताकदीच्या, म्हणजे त्यांच्या हिशोबी औषधच नव्हत्या. माझ्याशी ते खोटं बोलले नव्हते, माझा प्रश्नच ढिला होता.

जून २०२४

काकू त्यांना घेऊन आल्या. महिन्याभरात सहा किलो वजन उतरलं होतं. शौचाला चार-चार दिवस होत नव्हती, अन्नावर वासना नव्हती, रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचे आणि प्रत्येक वेळी तांब्याभर पाणी प्यायचे. बोलणं संथ झालं होतं. आदल्या संध्याकाळी छातीत आवळल्यासारखं झालं, तेव्हा घाबरून काकूंनी रिक्षा बोलावली.

स्टेंटचा पेशंट आणि छातीत आवळलं म्हटल्यावर पहिला विचार हृदयाचाच. ईसीजी काढला. नव्या अटॅकच्या खुणा नव्हत्या, पण आलेखावरचं क्यूटी नावाचं अंतर नेहमीपेक्षा आखूड दिसलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन दोनदा तपासलं, दोन्हीदा निर्दोष. आखूड क्यूटी, तहान, बद्धकोष्ठ आणि मंदावलेलं बोलणं ही सगळी लक्षणं एकत्र ठेवली तेव्हा कॅल्शियमची शंका आली. संध्याकाळी रिपोर्ट आले. कॅल्शियम १३.४ (साडेदहाच्या आत हवं), क्रिएटिनिन २.२ (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की हे वाढतं; आधी १.० होतं), एलडीएल १५१. तो शेवटचा आकडा बघून मी काकूंना विचारलं, "कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना?" त्या काकांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी काकू बिस्किटांचा एक डबा घेऊन आल्या. काकांना जुन्या सवयीने प्रत्येक बिल जपून ठेवायचा नाद होता. आम्ही टेबलावर बिलं मांडून मोजदाद केली. पुड्या ९२, इंजेक्शनं दोन. सगळं मिळून ६७ लाख २० हजार युनिट, साधारण तेरा महिन्यांत. आपल्याकडे मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत आहे. त्या मापाने वर्षाला सव्वादोन लाखही होत नाहीत.

कोणते पर्याय समोर होते

पहिला प्रश्न निदानाचा. डबा बघून कारण उघड वाटलं, तरी वाढलेल्या कॅल्शियममागे पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार, कॅन्सर किंवा क्षयही असू शकतो. वजन सहा किलो उतरलेल्या माणसात हे गृहीत धरून सोडून देता येत नाही. पॅराथायरॉइडचं हॉर्मोन तपासलं, ते ७ इतकं दबलेलं होतं, म्हणजे ग्रंथी निर्दोष. छातीचा एक्स-रे आणि रक्तातल्या प्रथिनांची तपासणी ठीक. व्हिटॅमिन डीचा आकडा '१५० पेक्षा जास्त' असा आला, मशीन त्याच्या वर मोजत नव्हतं.

इथे एक दुष्टचक्र चालू झालेलं असतं. कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला पाणी राखता येत नाही, लघवी जास्त होते, शरीर कोरडं पडतं, मूत्रपिंड आणखी दमतं आणि कॅल्शियम आणखी चढतं. त्यात क्लोरथॅलिडोन हे बीपीचं औषध लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवून धरतं. पुड्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी, तिन्ही एकाच दिशेला ढकलत होत्या. काका डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधावर असते तर एवढ्या कॅल्शियममध्ये हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकले असते.

उपचाराचा पाया म्हणजे शिरेतून सलाईन. पण ज्याचं हृदय ४८ टक्क्यांनी चालतं, त्याला भराभर सलाईन दिलं तर फुप्फुसात पाणी साचू शकतं. हाडांतून कॅल्शियम सुटणं थांबवणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन जलद काम करतं, पण क्रिएटिनिन २.२ असताना ते मूत्रपिंडावर आणखी भार टाकतं. स्टेरॉइड दिलं तर आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणं कमी होतं, मात्र काकांची साखर काठावर होती, ती चढणार हे नक्की. पुण्याला हलवायचं का, हाही प्रश्न होता. पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, या क्रिएटिनिनवर अँजिओग्राफी करता येणार नाही, आधी कॅल्शियम उतरवा.

काय केलं

आमच्या गावातल्याच रुग्णालयात दाखल केलं. पुड्या, कॅल्शियम, क्लोरथॅलिडोन बंद. मूत्रपिंड सावरेपर्यंत टेल्मिसार्टनही बंद केलं आणि बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन दिलं. दूध, दही, ताक, नाचणीची आंबील काही आठवडे वर्ज्य. सलाईन तासाला १०० मिलिलिटर, त्याहून जलद नाही. दर सहा तासांनी छाती तपासायची, रोज सकाळी वजन, लघवीचं माप. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड नको असं ठरवलं आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिलिग्रॅम सुरू केलं. साखर अपेक्षेप्रमाणे २१० पर्यंत गेली, पण तिच्याशी झुंजता येतं.

तिसऱ्या दिवशी कॅल्शियम ११.९ झालं. त्या संध्याकाळी पायावर सूज येते आहे का हे बघायला मी त्यांचा घोटा दाबत होते. सलाईन चालू असताना हे रोज बघायचंच असतं. बोट सवयीने पावलाच्या वरच्या बाजूला नाडीवर गेलं. उजव्या पायाला नाडी लागेना. घोट्याच्या आतल्या बाजूला शोधली, तिथेही नाही. डाव्या पायाला होती, पण क्षीण. उजवं पाऊल डाव्यापेक्षा गार होतं.

मी विचारलं, "काका, तुमच्या पिंढऱ्या दुखायच्या त्या कधी? चालताना की बसल्यावर?"

"चालताना. घाटाच्या चढाला. थांबलं की दोन मिनिटांत राहायचं."

पंधरा महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता असा हा प्रश्न. चाललं की दुखतं आणि थांबलं की राहतं, हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन आहे. स्टॅटिनचं दुखणं असं चालण्या-थांबण्यावर चालत नाही. नंतर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढलं, उजवीकडे ०.६४ आणि डावीकडे ०.८१. ते ०.९ च्या खाली गेलं की धमन्यांचा आजार आहे असं मानतात. म्हणजे दुखणं ना स्टॅटिनचं होतं, ना व्हिटॅमिन डीच्या कमतरतेचं. पंचवीस वर्षांच्या सिगारेटींनी हृदयाबरोबर पायांच्या धमन्याही धरल्या होत्या. आणि त्या आजारावरची सगळ्यात कामाची गोळीच काकांनी पायांसाठी म्हणून सोडली होती.

मुलीशी झालेलं बोलणं

मुलगी शनिवारी आली. हुशार, वाचणारी, आणि मनातून खचलेली, कारण पॅकेज तिनेच घेतलं होतं. तिने मोबाइलवर एक जुना अभ्यास काढून दाखवला. "मॅडम, मी काही उगाच बाबांना सांगितलं नव्हतं. हे खरं आहे ना?"

खरं होतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या १,७३९ लोकांच्या पाहणीत, २००८ साली, व्हिटॅमिन डी १५ च्या खाली असलेल्यांना हृदयविकाराचे झटके आणि तत्सम घटना सुमारे ६० टक्के जास्त झाल्या होत्या. त्याच सुमाराला हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींवर व्हिटॅमिन डी पकडणारे रेणू असतात, ज्या उंदरांत ते काढून टाकले त्यांचं बीपी वाढतं, अशीही माहिती पुढे आली होती. त्या काळात आम्ही डॉक्टरही भारावलो होतो, हे मी तिला सांगितलं.

मग विचारलं, "तुझ्या ऑफिसात कुणाचं व्हिटॅमिन डी कमी असेल?" ती म्हणाली, "जवळजवळ सगळ्यांचंच." जो घराबाहेर पडत नाही, ज्याचं वजन जास्त आहे, ज्याला आजारपणामुळे चालवत नाही, त्याचं व्हिटॅमिन डी कमी असतं. हृदयविकारही त्यालाच जास्त होतो. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही. कारण शोधायचं तर काही लोकांना गोळी आणि काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी, चिठ्ठ्या टाकून द्यावी लागते.

तसं झालंही. बॉस्टनहून चालवलेल्या व्हायटल नावाच्या चाचणीत २५,८७१ जण होते. निम्म्यांना रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी आणि निम्म्यांना खोटी गोळी अशी पाच वर्षांहून अधिक काळ दिली. निकाल नोव्हेंबर २०१८ मध्ये आला, हृदयविकाराच्या घटनांमध्ये फरक पडला नव्हता. न्यूझीलंडमध्ये पाच हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना महिन्याला १ लाख युनिट देऊन बघितलं, तिथेही फरक नाही. ऑस्ट्रेलियातल्या २१,००० हून अधिक ज्येष्ठांपैकी निम्म्यांना पाच वर्षं महिन्याला ६०,००० युनिट दिले. २०२३ च्या निकालात मोठ्या हृदयघटना ९ टक्के कमी दिसल्या, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकला असता. मी तिच्यापासून हेही लपवलं नाही की या चाचण्यांतल्या बहुतेकांची पातळी तिच्या बाबांसारखी ९.८ नव्हती. एवढी कमतरता भरून काढायलाच हवी, हाडं आणि स्नायूंसाठी. मात्र त्यासाठी आठ पुड्या पुरत होत्या. ३४ वरून ८० वर नेऊन हृदयाचं भलं होतं, असं कुठल्याही चाचणीत दिसलेलं नाही.

"आणि स्टॅटिनचं दुखणं व्हिटॅमिन डीने जातं, ते?" व्हायटलमध्येच २,०८३ जणांनी चाचणीदरम्यान स्टॅटिन सुरू केली होती. त्यांच्यात स्नायू दुखण्याचं प्रमाण व्हिटॅमिन डी घेणाऱ्यांत ३१ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतही ३१ टक्के. हा आकडा ऐकून मुलगी बराच वेळ गप्प बसली.

मग तिने विचारलं, "म्हणजे हृदयाचा आणि व्हिटॅमिन डीचा काहीच संबंध नाही?" आहे, आणि तो मी डोळ्यांनी बघितला आहे. अंगावर पिणारं काही महिन्यांचं बाळ, आईचं व्हिटॅमिन डी अगदी तळाला, बाळाचं कॅल्शियम एवढं उतरलेलं की हृदयाच्या स्नायूला आकुंचन पावता येत नाही. हृदय फुगतं, बाळ धापा टाकत येतं. इंग्लंडच्या आग्नेय भागातल्या अशा १६ बाळांची नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली होती. शिकत असताना आमच्या वॉर्डात असं एक बाळ आलं होतं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीवर त्याचं हृदय काही महिन्यांत पूर्ववत झालं. तिथे ही पुडी जीव वाचवते. म्हणून व्हिटॅमिन डीला थोतांड म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो.

स्टॅटिन पुन्हा सुरू करताना

काकांना मनवणं सलाईनपेक्षा अवघड गेलं. "पायाची वाट लावणारी गोळी" हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मात्रा कमी करायची, दुसरी स्टॅटिन द्यायची किंवा नुसतं एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध द्यायचं, हे पर्याय होते. दर पंधरा दिवसांनी घ्यायची नवी महागडी इंजेक्शनं त्यांच्या पेन्शनला झेपणारी नव्हती. मी जुनीच अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० निवडली. मूत्रपिंड दमलेलं असताना तिची मात्रा कमी करावी लागत नाही, आणि पहिल्या वर्षभरात तिने त्यांना काही त्रास दिल्याचा पुरावा नव्हता.

मी त्यांचा हात धरून त्यांच्याच उजव्या पावलावर ठेवला, मग डाव्या. "नाडी लागते का बघा." उजवीकडे त्यांना काही लागलं नाही. बँकेतल्या माणसाला आकड्यांनी पटेल असं मला वाटलं होतं, पण पटलं ते बोटांना. "म्हणजे पायाची नळी बुजते आहे आणि मी ती साफ ठेवणारी गोळी सोडली," असं ते स्वतःच म्हणाले. गोळी नळी साफ करत नाही, बुजण्याचा वेग रोखते, एवढी दुरुस्ती मी केली.

निष्पत्ती

सहाव्या दिवशी कॅल्शियम ११.२ असताना घरी सोडलं. बाराव्या दिवशी ते पुन्हा ११.८ झालं. व्हिटॅमिन डी चरबीत साठून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरत राहतं, त्यामुळे असं होणार याची कल्पना होती. स्टेरॉइड आणखी दोन आठवडे लांबवलं. सहाव्या आठवड्यात कॅल्शियम १०.२ झालं. नोव्हेंबरमध्येही, म्हणजे शेवटच्या पुडीनंतर पाच महिन्यांनी, व्हिटॅमिन डी ७१ होतं. क्रिएटिनिन १.३ वर येऊन थांबलं. ते १.० वर परत गेलं नाही.

सप्टेंबरमध्ये पुण्यात कमीत कमी डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून सोडायचं द्रव्य, जे मूत्रपिंडाला जड जातं) वापरून अँजिओग्राफी झाली. स्टेंट उघडा आहे, हृदयाच्या उजव्या धमनीत ६० टक्क्यांच्या आसपास नवा अडथळा आहे. तो स्टॅटिनशिवायच्या दहा महिन्यांत वाढला की आधीपासून होता, हे छातीठोक सांगता येणार नाही. औषधांवरच ठेवायचं ठरलं. एझेटिमाइब जोडल्यावर एलडीएल ५५ झालं.

पायांसाठी चालण्याचाच उपचार दिला. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, राहिलं की पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा. सुरुवातीला दीडशे मीटरवर थांबावं लागायचं. काकूंनी घड्याळ आणि वही सांभाळली. डिसेंबरात ते न थांबता घाटापर्यंत पोचले.

कुठे वेगळं करता आलं असतं

मार्च २०२३ ची माझी भेट ही पहिली जागा. हृदयाची एक धमनी बंद पडलेल्या, पंचवीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाचे पाय दुखतात म्हटल्यावर पावलाच्या नाड्या तपासायला अर्धं मिनिट लागतं. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक हृदयरुग्णाला वर्षातून एकदा तरी मोजे काढायला लावते.

दुसरी जागा, हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. मी त्यांना फोन केला, ते मनापासून हळहळले. त्यांनी आठ आठवडेच लिहिले होते, पण आठ आठवड्यांनंतर थांबायचं असं चिठ्ठीवर वेगळं लिहिलं नव्हतं आणि दुसऱ्या इंजेक्शनचा त्यांना पत्ताच नव्हता. मोठ्या मात्रेच्या इंजेक्शनाबद्दलही आम्ही बोललो. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर एक चाचणी झाली होती. त्यातल्या निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर त्यांची पडझड आणि हाडं मोडणं उलट वाढलं. हा निकाल २०१० सालचा आहे. आता आम्ही दोघंही पुडीच्या चिठ्ठीवर शेवटच्या पुडीची तारीख लिहितो.

तिसरी जागा तपासणीची. अमेरिकेतल्या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची व्हिटॅमिन डीची सरसकट तपासणी नको असं म्हटलं आहे आणि ३० चा जुना उंबरठाही सोडून दिला आहे. आपल्या पॅकेजांत मात्र ती असतेच. काकांसारख्याची पातळी कळली यात गैर काही नाही. रिपोर्ट घेऊन माणूस आधी कुणाकडे जातो, यावर पुढचं सगळं ठरतं. तो माझ्याकडे आला नाही, कारण मार्चमध्ये मी त्याच्या दुखण्याला उत्तर दिलं नव्हतं.

उन्हाबद्दल काकूंचा प्रश्न राहिला होता. त्या म्हणाल्या, सकाळच्या कोवळ्या उन्हात ते रोज फिरायचे, मग पातळी एवढी कमी कशी? कोवळ्या उन्हात व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण फारसे नसतात. सूर्य वर आल्यावर, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा, ते मिळतात. फुलशर्ट आणि टोपी घालून साडेसहाला केलेल्या फेरीचा फायदा हृदयाला आणि पायांना होतो, व्हिटॅमिन डीला नाही.

माझ्या प्रश्नाचे शब्दही मी बदलले आहेत. "गोळ्या चालू आहेत ना" असं विचारत नाही. "घरात जे काही पोटात घेता किंवा टोचून घेता, पुड्या, काढे, ताकदीच्या गोळ्या, दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या, ते सगळं पिशवीत घालून आणा" असं सांगते. पिशवी आली की टेबलावर रिकामी करते. पहिल्याच महिन्यात अशा पिशव्यांतून आणखी दोघांच्या पुड्या निघाल्या. दोघांनाही त्या थांबवायच्या होत्या हे माहीत नव्हतं. दोघांचंही कॅल्शियम अजून ठीक होतं.